घरच्या यात्रा कंपनीची एक सहल: तारखेपासून हिशेबापर्यंत कोणतं काम कधी

सांगली-साताऱ्याकडच्या घरगुती यात्रा कंपन्या बहुतेक एकाच पद्धतीने अडचणीत येतात. व्हॉट्सॲपवर जाहिरात पडते, दहा-बारा नावं येतात, मग बस शोधायला सुरुवात होते. बस मिळाली की खोल्या. आणि सगळं ठरल्यावर कळतं की माणशी सांगितलेल्या दरात हे बसतच नाही. तोवर निम्म्या लोकांकडून ॲडव्हान्स घेतलेला असतो, त्यात तिघे पाहुण्यांतले असतात, आणि दर वाढवायची सोय राहत नाही.

मी सांगलीत सासरच्या कंपनीचं बुकिंग सांभाळते. सासरे, दीर, जाऊ, नवरा आणि मी, एवढाच स्टाफ. बस भाड्याची. खाली लिहिलंय ते सगळं आम्ही आधी उलट्या क्रमाने करून बघितलेलं आहे. उदाहरणाला तीन दिवस दोन मुक्कामांची अष्टविनायक सहल घेतली आहे. पैशांचे आकडे समजुतीपुरते आहेत, तिथे तुमच्या भागातले दर घाला.

१. आधी घरातली कामं वाटून घ्या

घरच्या कंपनीत ग्राहक कुणालाही गाठतो. सासऱ्यांना देवळात, जाऊबाईंना भाजी मंडईत, नवऱ्याला सलूनमध्ये. प्रत्येकजण काहीतरी कबूल करून येतो. बस सुटायच्या वेळी एक काकू पदर खोचून उभ्या राहतात, "अण्णा म्हणाले होते पुढची सीट देतो." अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तीच सीट अजून दोघांना दिलेली असते. खोटं बोलायचं म्हणून नाही, समोरच्याला नाही म्हणवत नाही म्हणून.

यावर आम्हाला चाललेला उपाय एकच: बुकिंगची वही एक आणि ती एकाच माणसाकडे. बाकीच्यांनी फक्त एवढंच म्हणायचं, "वही सूनबाईकडे आहे, तिला फोन करा." पहिल्या वर्षी अण्णांना हे फार लागलं. चार दिवस जेवताना बोलणं बंद होतं. नंतर त्यांनाच मोकळं वाटायला लागलं, कारण कुणाला नकार द्यायची वेळ त्यांच्यावर येईना.

बसमालकाशी भाव करणं एकाकडे, स्वयंपाक आणि आचारी एकाकडे, सहलीसोबत जाणं एकाकडे, आणि पैसे वहीवालीकडे नकोत. वही आणि गल्ला एकाच हातात असला की चूक सापडत नाही.

तपासा: कंपनीचं चालू खातं वेगळं आहे का? दुकानातला क्यूआर कोड त्याच खात्याचा आहे का, की नवऱ्याच्या बचत खात्याचा? घरातल्या प्रत्येकाला सहलीमागे ठरलेली रक्कम द्या, मग ती दीड हजार का असेना. "घरचंच आहे, लागेल तसं घ्या" म्हणालात की दिवाळीत नफा शोधत बसाल.

२. तारीख (साधारण ७५ दिवस आधी)

कॅलेंडर उघडून आधी नको असलेल्या तारखा खोडा. अष्टविनायकाला संकष्टी, त्यातही अंगारकी, आणि भाद्रपद व माघातल्या चतुर्थ्या. ज्या दिवशी देवाचं महत्त्व जास्त, त्याच दिवशी रांग जास्त. सकाळी सातला ओझरला असणारी बस दुपारी बारालाही तिथेच अडकते आणि पुढचे दोन गणपती अंधारात उरकावे लागतात.

मग ग्राहकाचं कॅलेंडर बघा. तासगाव-मिरजेकडचा द्राक्षवाला जानेवारी ते मार्च घर सोडत नाही. ऊसवाल्याचं बिल जमा झालं की त्याचा फोन आपोआप येतो. पितृपंधरवड्यात लोक बुकिंगचा विषय काढत नाहीत, तेव्हा जाहिरातीवर पैसे घालू नका. जुलै-ऑगस्टला आम्ही कोकणाची सहलच लावत नाही. सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ला धोका. त्या आठवड्यात ग्राहकाचं लक्ष घरातल्या सामानाकडे असतं, देवदर्शनाकडे नाही. २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षी हे पाहिलं आहे.

रेल्वेची सहल असेल तर क्रम आणखी कडक. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ आधी ते १२० दिवस होतं, आणि अजून काही जण जुन्याच सवयीने चालतात. एका तिकिटावर सहाच नावं बसतात. मिरजेहून हरिप्रिया एक्सप्रेसने तिरुपतीला नेत असाल तर दर्शनाचं ३०० रुपयांचं तिकीट रेल्वेच्याही आधी, साधारण तीन महिने अगोदर ऑनलाइन निघतं. म्हणजे आधी दर्शन, मग रेल्वे, मग खोल्या. उलट केलं की माणसं तिरुपतीला पोचतात आणि दर्शनाचा पत्ता नसतो.

३. मार्ग कागदावर

मोबाइलवरचा नकाशा कारचा वेळ सांगतो. बसचा वेळ त्याच्या दीडपट धरा. त्यात चहा, स्वच्छतागृह आणि "एक मिनिट, चप्पल राहिली" यांचे तास वेगळे.

आमचा मार्ग असा: पहाटे चारला सांगली, सातारा, लोणंद, नीरा, मोरगाव. मग सिद्धटेक, रांजणगाव आणि मुक्काम ओझरला. दुसऱ्या दिवशी ओझरचं दर्शन, लेण्याद्री, महड आणि मुक्काम पालीला. तिसऱ्या दिवशी पाली, थेऊर आणि परत. एकूण हजार-अकराशे किलोमीटर.

इथे दोन गोष्टी पत्रकात आधीच छापा. एक, लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्याला हे पायथ्याशी कळलं तर दोष तुमचाच. दोन, शेवट पुन्हा मोरगावला करणार की नाही. रिवाज मानणारे लोक मोरगावला सुरुवात आणि मोरगावलाच सांगता धरतात. ते करायचं तर तिसऱ्या दिवशी दोन-तीन तास वाढतात. कुठलंही ठरवा, पण छापा. आम्ही एकदा छापलं नाही आणि थेऊरच्या पार्किंगमध्ये निम्मी बस एकीकडे, निम्मी दुसरीकडे अशी अर्धा तास सभा भरली. शेवटी मोरगावला गेलो आणि रात्री दीडला सांगलीत उतरलो.

४. खर्च काढा, मगच दर ठरवा

जास्त चुका इथेच होतात. खर्चाचे दोन ढीग करा.

पहिला ढीग: बसमध्ये एकजण असला किंवा तेहतीस, तरी लागणारच तो खर्च.
- बस ११०० किलोमीटर, ४५ रुपये दराने: ४९,५००
- टोल, पार्किंग, किरकोळ कर: ६,०००
- दोन ड्रायव्हर आणि क्लीनरचा भत्ता: ४,५००
- सोबत जाणाऱ्याचं मानधन: ३,०००
- आचारी: ६,०००
- या सगळ्यांचं जेवण-मुक्काम: ३,०००

बेरीज ७२,०००.

दुसरा ढीग माणशी: दोन मुक्काम १,०००, तीन दिवसांचं जेवण-नाश्ता १,३५०, पाणी आणि किरकोळ १५०. बेरीज २,५००.

पस्तीस सीटच्या बसमध्ये सोबतचा माणूस आणि आचारी बसले की विकायला उरतात तेहतीस. नवखा माणूस ७२,०००ला तेहतीसने भागतो, २,१८२ येतात, त्यात अडीच हजार मिळवतो आणि आनंदाने पाच हजार दर जाहीर करतो. बस ठासून भरली तर साडेदहा हजार सुटतात. वीसच माणसं आली तर बावीस हजार खिशातून जातात. बस ठासून भरणं वर्षातून किती वेळा होतं ते तुमच्या जुन्या वहीत बघा.

म्हणून सव्वीसने भागा. २,७६९ अधिक २,५००, म्हणजे ५,२६९ खर्च. त्यावर नफा धरून दर ५,८००. आता वीस माणसं आली तरी तोटा सहा हजारच, आणि बाविसाव्या माणसाला सहल खर्चातून बाहेर येते. हा बावीसचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. पुढे त्याचं काम आहे.

खबरदारी: किलोमीटर बसमालकाच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजले जातात. बस मिरजेहून येणार की कराडहून, हे आधी विचारा. शिवाय रोजचे किमान किलोमीटर लावतात, बहुतेक ठिकाणी अडीचशे ते तीनशे. सहल छोटी आणि दिवस जास्त असतील तर न धावलेल्या किलोमीटरचेही पैसे जातात.

लहान मुलाचं अर्धं तिकीट हा दुसरा खड्डा. मूल जेवतं अर्धं, सीट अडवतं पूर्ण. सीट हवी असेल तर पहिल्या ढिगातला हिस्सा पूर्ण घ्यायचा, सवलत जेवण आणि गादीपुरती. पाहुण्यांच्या सवलतीचंही तसंच. वर्षाला सवलतीच्या किती सीट ते गुढीपाडव्याला ठरवा आणि संपल्या की संपल्या. आमच्याकडे सहा आहेत. मामेसासूबाई दरवर्षी पहिल्या दोन पटकावतात, पण निदान वहीत दिसतं.

जीएसटीचं एक वाक्य: सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की नोंदणी लागते, आणि सहलीची उलाढाल म्हणजे ग्राहकाकडून घेतलेली पूर्ण रक्कम, तुमचा नफा नाही. पंचवीस-तीस माणसांच्या दहा-बारा सहलींतच मर्यादा जवळ येते. दर सांगताना कर धरून की वेगळा, ते पावतीवर स्पष्ट लिहा.

५. बस पक्की करा

ओळखीचा मालक असला तरी बुकिंग जाहीर करण्याआधी ॲडव्हान्स देऊन कागदावर घ्या: बसचा नंबर, सीट किती, पुशबॅक की साधी, एसी डोंगरात चालू ठेवणार की बंद, जादा किलोमीटरचा दर, बस बिघडली तर किती तासांत दुसरी.

नंबर लिहून घ्यायचं कारण सांगते. एकदा आम्ही पस्तीस सीटची बस ठरवली, पहाटे पावणेचारला विश्रामबागेत बत्तीसची आली. मालक फोनवर म्हणे, "ताई, ती लग्नाला गेली, ही पण चांगलीच आहे." तेहतीस माणसं बॅगा घेऊन उभी. दीर आणि नवरा, दोघांनी आपली गाडी काढून उरलेल्यांना मागून आणलं. डिझेल आमचं, वर त्यांच्या तक्रारी.

तपासायचे कागद: नोंदणी, फिटनेस, विमा, परमिट, कर, पीयूसी आणि दोन्ही ड्रायव्हरांचे परवाने. वाहन आठ वर्षांपुढचं असेल तर फिटनेस दरवर्षी लागतं, तारीख स्वतः वाचा. परमिटची मुदत परतीच्या तारखेच्या पुढची हवी. कागदांवरचा नंबर आणि बसवरचा नंबर जुळवून बघा.

खबरदारी: लहान ग्रुपसाठी कुणाची पांढऱ्या पाटीची घरची गाडी घेऊ नका. भाड्याने माणसं नेण्याचं परमिट तिला नसतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

ड्रायव्हर दोन का, असं मालक विचारतोच. मोटर वाहतूक कामगार कायदा, १९६१ प्रमाणे दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असा नियम होता; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. आमचा पहिला दिवस पहाटे चार ते रात्री नऊ आहे. एका माणसाकडून हे करून घेणं म्हणजे खंबाटकी घाटात त्याच्या डोळ्यांवर विश्वास टाकणं. मुक्कामी ड्रायव्हरांना खोली आणि गादी द्या. रात्रभर डास मारत सीटवर पडलेला माणूस सकाळी बस चालवणार आहे.

६. आता जाहिरात, आता बुकिंग

पावतीवर नाव, सीट नंबर, एकूण रक्कम, भरलेली, बाकी, बाकीची शेवटची तारीख आणि रद्द केल्यास परतावा. सीट ॲडव्हान्सच्या क्रमाने. "नाव लिहून ठेवा, पैसे नंतर" हे नाव पेन्सिलने लिहा आणि तिसऱ्या दिवशी खोडा.

परताव्याचा तक्ता बसमालक आणि खोलीवाला तुम्हाला काय परत देणार, त्यावरून बांधा. खोलीवाला पंधरा दिवसांच्या आत काहीच देत नसेल आणि तुम्ही आठ दिवसांपर्यंत निम्मे कबूल केले असतील तर मधला फरक तुमचा. घरात मयत झालं तर काय, तेही ठरवून ठेवा. आम्ही पुढच्या सहलीत पूर्ण रक्कम वळवून देतो. त्या दिवशी घासाघीस करणं शोभत नाही.

वीस दिवस आधी वही उघडा. बावीस नावं पैशांसह आहेत का? नसतील तर त्याच संध्याकाळी घरात बसून ठरवा: लहान गाडी, तारीख पुढे, की रद्द. "अजून येतील की" हे वाक्य आमच्या घरात आता कुणी उच्चारत नाही. रद्द केली तर पैसे आठवड्याच्या आत परत करा.

खबरदारी: दिवाळीच्या सहलीचा ॲडव्हान्स गणपतीच्या बसचं डिझेल भरायला वापरू नका. एकदा हे चक्र सुरू झालं की प्रत्येक सहल मागचीचं कर्ज फेडते, आणि एक जरी रद्द झाली तरी परत द्यायला पैसे नसतात. जिल्ह्यातल्या बंद पडलेल्या दोन घरगुती कंपन्या मी जवळून पाहिल्या, दोन्ही इथेच बुडाल्या. माणसं कमी पडली नव्हती.

७. शेवटचा आठवडा

प्रवाशांची यादी तीन प्रतींत: एक बसमध्ये, एक सोबतच्या माणसाकडे, एक घरी. यादीत वय, घरच्या माणसाचा फोन, चालू औषधं, मधुमेह किंवा रक्तदाब, उपवास, कांदा-लसूण चालतो का. पर्यटक परमिटच्या बसमध्ये यादी असावीच लागते आणि वाटेत हात करणारा प्रवासी घेता येत नाही. "कराडला माझा मेहुणा चढेल" म्हणणाऱ्याला मेहुण्याचं नाव आधी यादीत घालायला सांगा. पिकअप तीनपेक्षा जास्त ठेवू नका. आमचे विश्रामबाग, मिरज आणि इस्लामपूर.

आचाऱ्याला यादी आणि मेनू दोन दिवस आधी द्या. पहिल्या दिवशीचा नाश्ता घरून: दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग. भडंगाचा डबा बसमध्ये शेवटपर्यंत लागतो, म्हणून जाऊबाई अंदाजाच्या दुप्पट करतात.

खबरदारी: भरलेला सिलिंडर डिकीत टाकून नेण्याची सवय मोडा. २६ ऑगस्ट २०२३ला मदुराई रेल्वे स्थानकाजवळ उभ्या पर्यटक डब्यात चोरून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ यात्रेकरू गेले. बसची डिकी तर माणसांच्या पायाखालीच असते. मुक्कामाच्या ठिकाणी शेगडी आणि गॅस मिळेल अशी जागा बघा, नाहीतर जेवण तिथेच सांगा.

आदल्या संध्याकाळी बस दारात मागवा आणि उजेडात बघा: संकटकालीन दार उघडतं का (त्याच्यासमोर पातेल्यांची पोती रचलेली नाहीत ना), अग्निशामक नळकांडं, स्टेपनी, वायपर, आतले दिवे.

८. रस्त्यावर

प्रत्येक थांब्यानंतर डोकी मोजायची, मगच बस हलवायची. "सगळे आले का?" असं विचारू नका. जो आला नाही तो उत्तर देत नाही. आमच्या नवऱ्याने एकदा असंच विचारलं, बसमधून "आले, आले" असा गजर झाला आणि बस निघाली. सहा-सात किलोमीटरवर मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "आमच्या शेजारच्या आजी झोपल्यात का कुठे?" परत गेलो तर आजी चहाच्या टपरीपाशी खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, हातात दुसरा चहा. "हात धुवायला गेले तेवढ्यात गेलात व्हय रे? चहाचे पैसे तू दे आता." त्यांनी हसण्यावारी नेलं, त्यांच्या मुलाने नेलं नाही. तेव्हापासून दोन-दोनच्या जोड्या लावतो आणि वर डोकीही मोजतो.

थांब्यावर वेळ सांगताना "वीस मिनिटं" नको, "सात चाळीसला बस सुटेल" असं सांगा.

खर्च झाला की त्याच क्षणी लिफाफ्यात बिल. बिल नसेल तर चिठ्ठी: कुठे, कशाला, किती. रात्री झोपण्याआधी बेरजेचा फोटो घरच्या वहीवालीला.

भांडण झालं तर सोबतच्या माणसाने घरी फोन लावून ग्राहकाच्या हातात देऊ नये. अण्णा फोनवर लगेच "जाऊ दे, पैसे परत करू" म्हणतात. निर्णय बसमधल्या माणसाचा, आणि त्याला किती रकमेपर्यंत सूट द्यायचा अधिकार आहे ते निघण्याआधी ठरलेलं असावं. आमच्याकडे दोन हजार.

९. हिशेब (परतल्यावर तीन दिवसांत)

पहिल्या दिवशी झोपा. दुसऱ्या दिवशी लिफाफा ताटावर ओता आणि मुद्दा ४ मधल्या खर्चाच्या कागदाशेजारी प्रत्यक्ष खर्च लिहा. दोन्ही आकड्यांतला फरक पाचशेवर असेल त्या प्रत्येक ओळीपुढे कारण. बसमालकाची बाकी किलोमीटर रीडिंगचे फोटो जुळवून द्या. निघतानाचा आणि परतल्यावरचा असे दोन फोटो काढायचं लक्षात ठेवा.

तक्रार केलेल्या ग्राहकाला तुम्ही आधी फोन करा, त्याने करायची वाट बघू नका. फोनवर जे ठरेल ते मेसेजने पाठवा. प्रकरण ग्राहक आयोगात न्यायला त्याला दोन वर्षं असतात, तेव्हा त्या सहलीची पावती, यादी आणि लिफाफा निदान तेवढे दिवस माळ्यावर ठेवा. वर्ष घालून, वर दोरा बांधून. मागच्या पावसाळ्यात आमच्या माळ्याला गळती लागली, म्हणून आता पत्र्याच्या पेटीत.